कॅन्टीनची बुलेट की साताऱ्याच्या शोरूमची? सुट्टीचे २६ दिवस उरलेत

कोरेगावचा_फौजी

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काय चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी फौजेत आहे, पोस्टिंग जम्मूच्या पुढं. परवा सुट्टी आलो. ३० दिवसातले ४ प्रवासात आणि भावकीत गेले, राहिले २६. बुलेट घ्यायचीय, क्लासिक ३५०. दहावीपासूनचं आहे डोक्यात, पैसे आत्ता जुळले. पण घरात दोन पार्ट्या पडल्यात. आबा म्हणतात कॅन्टीन कार्ड खिशात असताना बाहेरनं गाडी घेणारा फौजी म्हणजे विहिरीकाठी राहून टँकर मागवणारा. धाकटा म्हणतो कॅन्टीनच्या कागदात तुझी सुट्टी संपेल, शोरूमवाला आठ दिवसात देतोय, पाडव्याला गाडी दारात. त्याला घाई असणारच, मी गेल्यावर गाडी त्याच्याच बुडाखाली राहणार, साताऱ्याला कॉलेजला जातो तो.

काल शोरूमला गेलो तर सेल्समन म्हणाला साहेब जीएसटी कमी झाल्यापासून कॅन्टीनमध्ये आणि आमच्यात काय फरकच राहिला नाही, वर हेल्मेट फ्री देतो. खरंय का हे? हल्ली कुणी घेतली असेल तर सांगा. किती दिवस लागले तेवढं नक्की लिहा, माझे दिवस मोजून आहेत.

नाद_खुळा_११

अभिनंदन भावा, पार्टी कुठं? आणि बुलेटचं नंतर बघू, कॅन्टीनचा तो दुसरा माल आणलायस का ते सांग आधी.

पेठकर

हेल्मेट 'फ्री' देतो म्हणाला? दुचाकीबरोबर हेल्मेट द्यायचं हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलंय, नियम १३८. म्हणजे तुमचंच तुम्हाला देऊन वर उपकार. उद्या म्हणेल दोन्ही चाकं फ्री.

झेलमवाला

भावा मी मागच्या दिवाळीत घेतली, कॅन्टीनमधूनच, ३५० च. माझे १७ दिवस गेले, त्यातले ५ माझ्याच चुकीनं. कसं झालं ते सांगतो.

आधीचं ते युनिटच्या कॅन्टीनला चिठ्ठी द्या, मग डेपोला खेटे घाला, ते आता नाही. २०२१ च्या जानेवारीपासून एएफडीचं पोर्टल सुरू झालंय. एएफडी म्हणजे गाडी, फ्रीज, एसी, टीव्ही असला मोठा माल, जो कॅन्टीनच्या फळीवर ठेवलेला नसतो, मागणी केली की येतो. पोर्टलवर कार्डानं नाव नोंदवायचं, पॅन, आधार, फोटो, बँकेचं पासबुक असलं सगळं चढवायचं. मग शोरूमला जाऊन गाडी शिल्लक आहे असा कागद घ्यायचा, मॉडेल आणि रंग त्यावर स्पष्ट पाहिजे. तो चढवला की मंजुरी, मग पैसे. पैसे शोरूमला नाही द्यायचे, सीएसडी म्हणजे सगळी कॅन्टीनं चालवणारा सरकारी विभाग, त्याच्या खात्यात जातात. ते पोचले की डेपो शोरूमच्या नावानं सप्लाय ऑर्डर काढतो आणि ती आली की शोरूम गाडीला हात लावतो. आरटीओ आणि विमा मात्र वेगळा, तो शोरूमलाच किंवा बाहेर भरायचा.

माझी चूक काय झाली, पॅन कार्डावर नाव पूर्ण आणि सर्व्हिस रेकॉर्डला वडिलांचं नाव आद्याक्षरात. परत आलं. दुसऱ्यांदा फोटो इतका धूसर की मलाच मी ओळखू आलो नाही. हे कागद आज रात्रीच बघून ठेव.

कोरेगावचा_फौजी

@झेलमवाला धन्यवाद दादा. माझ्या पॅनवर पण आडनावाचं स्पेलिंग वेगळं आहे, आत्ताच बघितलं. मेलो.

हिशेबी

सेल्समनचं बोलणं अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं नेहमी जास्त महाग पडतं म्हणून जरा लांब लिहितो.

कॅन्टीनची गाडी स्वस्त कशामुळं पडते? सीएसडीला खरेदीवर भरलेल्या जीएसटीतला निम्मा परत मिळतो. म्हणजे बाहेर जो दर असेल त्याच्या अर्धाच तुमच्या गाडीवर बसतो. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला २८ टक्के होता, कॅन्टीनला १४ पडायचा. आता बाहेर १८, कॅन्टीनला ९.

कर सोडून दीड लाखाची गाडी धरा. पूर्वी बाहेर १,९२,००० आणि कॅन्टीनमध्ये १,७१,०००, फरक २१,००० चा. आता बाहेर १,७७,००० आणि कॅन्टीनमध्ये १,६३,५००, फरक १३,५०० चा. सीएसडी आपलं थोडं वर लावतं ते सोडून दिलंय. म्हणजे फरक कमी झालाय हे खरं, 'राहिलाच नाही' हे खोटं. साडेतेरा हजार म्हणजे काय थोडे नाहीत, एका फौजीच्या सुट्टीतला पाहुणचार निघतो त्यात.

गंमत वरच्या गाड्यांची आहे. ३५० सीसीच्या वर बाहेर थेट ४० टक्के झालाय, तिथं निम्मा म्हणजे २०. कर सोडून तीन लाखाच्या गाडीला ६०,००० चा फरक. तू हिमालयन नाहीतर ६५० घेणार असतास तर मी म्हणलो असतो सुट्टी वाढवून घे पण कॅन्टीनमधूनच घे, अर्थात सीएसडीच्या यादीत ते मॉडेल असेल तर. क्लासिकचं इंजिन ३४९ सीसी, तू कुंपणाच्या अलीकडं आहेस.

नाद_खुळा_११

एक सीसी कमी ठेवून कंपनीनं गरिबाचं भलं केलंय बघा

सुभेदार_निवृत्त

धाकट्यांनो, तुमचं १७ दिवस आणि २६ दिवस वाचून हसू आलं. मला १९८३ ला स्कूटर पाहिजे होती. बाहेर नंबर लावला तर वर्षानुवर्षं वाट बघायची, मुलगी ठरली की बाप नंबर लावायचा आणि पोरीला पोर झालं की स्कूटर यायची. आमच्या युनिटच्या वाट्याला मोजक्याच यायच्या, नावाच्या चिठ्ठ्या टाकून काढायचो. माझी चिठ्ठी दुसऱ्या वर्षी निघाली. त्या रात्री बराकीत मला झोपू दिलं नाही कुणी.

आमच्या गावातल्या एकाचा मुलगा आखातात होता. त्यानं तिकडनं परकीय चलनात पैसे भरले आणि स्कूटर नंबर डावलून आली. अख्खं गाव बघायला गेलं होतं, स्कूटर नाही, डॉलरचा प्रताप बघायला. म्हणजे गाडी कुठल्या खिडकीतनं घ्यायची हा प्रश्न नवा नाही, आमच्या वेळी फक्त खिडक्याच बंद असायच्या.

बुलेटबद्दल म्हणाल तर फौजेत आमचे डीआर चालवायचे, डाक घेऊन जाणारे. उजव्या पायात गिअर आणि डाव्यात ब्रेक. अँपिअरचा काटा मधे आणायचा, डीकॉम्प्रेशनची कळ दाबून किक जरा खाली घ्यायची आणि मग अंग टाकायचं. चुकलं तर किक उलटी येऊन नडगी फुटायची. माझ्या उजव्या नडगीवर खूण आहे अजून. तुमचं आता बटण.

पेठकर

सुभेदार साहेब, सलाम. नडगीचा फोटो टाकू नका फक्त, जेवतोय.

शोरूमातला

मी एका शोरूमला कामाला आहे (कुठल्या ते विचारू नका, नोकरी पाहिजे) म्हणून आतलं सांगतो. कॅन्टीनच्या गिऱ्हाइकाला आमचा सेल्समन का टाळतो? आमच्याकडं तरी त्या गाडीत मिळणं कमी, आणि मुख्य म्हणजे फायनान्स आमच्याकडून होत नाही. शोरूम गाडीवर कमी आणि फायनान्स, विमा, क्रॅशगार्ड, सीट कव्हर, कोटिंग यावर जास्त जगतं. म्हणून तुम्ही 'कॅन्टीन' म्हणलात की 'तो रंग नाही साहेब', 'स्टॉक मार्चनंतर' हे सुरू होतं. रंग खरंच नसतो कधी कधी, पण तीनदा विचारलं की निघतो पण कधी कधी.

एक युक्ती सांगतो. सकाळी लवकर जा, सेल्समनला नाही तर मॅनेजरला भेटा आणि दुसऱ्या गावच्या शोरूमचा शिल्लक असल्याचा कागद खिशात ठेवा. दाखवायचा नाही, नुसता वरच्या खिशातून डोकावला पाहिजे.

आप्पा_लोणंदकर

@शोरूमातला मग ते 'हँडलिंग चार्ज' काय असतं हो? माझ्या पुतण्याकडून घेतले एकानं, पावती मागितली तर म्हणाला साहेब त्याची पावती नसते.

शोरूमातला

पावती नसते तेव्हा ते द्यायचे नसतात काका. एवढं साधं आहे. नंबर प्लेटचे पण वेगळे मागितले तर देऊ नका, १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला ती सुरक्षा प्लेट गाडीबरोबरच येते.

वऱ्हाडी_ठेचा

आमी सीआरपीएफवाले काय पाप केलं बाप्पा? आमचं कॅन्टीन येगळं, केंद्रीय पोलीस कल्याण भांडार. लय वर्षं आमाले जीएसटीत काहीच सूट नव्हती, बंदूक तीच, जंगल तेच, पण गाडी बाहेरच्या भावानं. १ एप्रिल २०२४ पासून आमाले बी निम्म्या जीएसटीचा फायदा भेटून राहिला. म्या गेल्या साली १२५ घेतली, पोराले कॉलेजले. लेका आता तुले काऊन बुलेट पाह्यजे, १२५ घे ना, पेट्रोल कोन टाकीन तिच्यात?

कोरेगावचा_फौजी

@वऱ्हाडी_ठेचा दादा पेट्रोल धाकटा टाकणार म्हणतोय. कुठनं टाकणार ते विचारलं तर आईकडं बघितलं त्यानं.

सौ_फौजी

मी लिहू का थोडं? आमचे हे अकरा वर्षं सर्व्हिसला आहेत आणि आमच्या घरातली गाडी कॅन्टीनचीच आहे. पैशाचं सगळे बोलले, पण दादा गाडी कुणाच्या नावावर होणार ते लक्षात घ्या. कॅन्टीनची गाडी कार्डवाल्याच्याच नावावर होते. आरसी तुमची, विमा तुमचा, आणि मोबाईल नंबर पण तुमचाच. आता तुम्ही तिकडं वर, जिथं रेंज पहाटे एका दगडावर उभं राहिल्यावर येते, आणि इकडं आरटीओच्या साईटवर काहीतरी करायचं झालं की ओटीपी तुमच्या मोबाईलवर.

आमचं कर्ज फिटलं तेव्हा आरसीवरचं बँकेचं नाव काढायचं होतं. साधं काम. बँकेकडून कागद आला, मी रांगेत उभं राहून सगळं भरलं, आणि शेवटी ओटीपी. ह्यांना फोन लागेना. तिसऱ्या दिवशी लागला तर म्हणतात सांग कुठला, माझ्याकडं सात ओटीपी एकदम आलेत आणि सगळे शिळे. शेवटी सुट्टीत आल्यावर केलं, चार महिन्यांनी. त्यामुळं जाण्याआधी आरसी, विमा, फास्टॅग नाही बुलेटला पण जे काय असेल ते, सगळं तुमच्या समोर उरकून जा. मी तर म्हणते घरी ठेवणार असाल तो नंबरच द्या आधीपासून.

विमावाली_ताई

सौ_फौजी ताईंच्या बोलण्याला जोडून. धाकटा चालवणार आहे म्हणालात म्हणून मुद्दाम लिहिते, कारण हे कुणी सांगत नाही. नव्या दुचाकीला तिऱ्हाइताचा (थर्ड पार्टी) विमा ५ वर्षांचा लागतो, २०१८ पासून. त्याबरोबर मालक-चालकाचा अपघात विमा असतो, १५ लाखांचा. यातला 'मालक-चालक' हा शब्द नीट वाचा. ज्याच्या नावावर आरसी आहे तोच चालवत असेल आणि त्याच्याकडं लायसन्स असेल तरच तो लागू. आरसी तुमची आणि गाडी भावाच्या हातात असली की त्या १५ लाखांचा भावाला काही उपयोग नाही. त्याच्या नावावर वेगळा अपघात विमा घ्या, फार महाग नसतो. आणि त्याचं लायसन्स पक्कं आहे ना? लर्निंगवर बुलेट फिरवणारी पोरं मी रोज बघते.

आणखी, विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे असं कुठंही नाही. त्यांचा आकडा घ्या, ऑनलाइन तोच विमा, गाडीची तीच किंमत धरून बघा आणि मग बोला.

कोरेगावचा_फौजी

ताई हे खरंच माहीत नव्हतं. धाकट्याला विचारलं लायसन्सचं, 'आहे की' म्हणाला. दाखव म्हणलं तर म्हशीला पाणी पाजायला गेला.

नाद_खुळा_११

😂😂 लर्निंग पण नाही वाटतं

कायझरस्लाउटर्नकर

धाग्याला फाटा फोडतो, माफी असावी. मी जर्मनीत कायझरस्लाउटर्नजवळ राहतो, बाजूलाच रामश्टाईनचा अमेरिकन तळ. इथं त्यांच्या सैनिकांना पण असंच कॅन्टीन आहे, एक्सचेंज म्हणतात, आणि परदेशात पोस्टिंग असलेल्यांना त्यातून गाडी बुक करता येते. माझा जिमचा मित्र त्यांच्या हवाई दलात होता, त्यानं हार्ले तशीच घेतली. गंमत म्हणजे गाडी जर्मनीत आलीच नाही. बुक इथं केली, किंमत आधीच लिहून मिळाली, आणि पोस्टिंग संपवून तो गेला तेव्हा त्याच्या गावच्या डीलरकडं गाडी उभी होती. इथल्या डीलरकडून घेतली असती तर युरोपच्या नियमांची गाडी अमेरिकेत पास करून घ्यायची भानगड.

पण त्याचं पण रडगाणं तुमच्यासारखंच. गावचा डीलर म्हणे कागदपत्राची फी वेगळी, आणि ह्या गाडीत मला काय मिळतं असं तोंड. फौजी कुठल्याही देशाचा असो, काउंटरपलीकडचा चेहरा एकच असतो बहुतेक. शिवाय त्याला ती गाडी बसून बघता आली नाही, नुसत्या फोटोवर घेतली, आणि मग कळलं सीट उंच पडते. तुम्ही निदान शोरूममध्ये बूड टेकवून बघू शकता, ते करा.

पेठकर

रामश्टाईनहून सल्ला: बूड टेकवून बघा. धाग्याचं शीर्षक बदलावं काय?

झेलमवाला

एक राहिलं. गाडी पुढं पोस्टिंगला न्यायचा विचार आहे का? असेल तर बीएच सिरीजचा नंबर बघ. फौजी, केंद्र सरकारी माणसांना मिळते, सप्टेंबर २०२१ पासून. टॅक्स दोन दोन वर्षांचा भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. नाहीतर दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, एनओसी, परत टॅक्स, जुन्याचा परतावा मागत बसा.

मी माझी रेल्वेनं नेली जम्मूला. पार्सल ऑफिसात टाकी पूर्ण रिकामी करायला लावतात, पाईप लावून शेवटचा थेंब काढतात, मग गोणपाट आणि पुठ्ठ्यात गुंडाळून सुतळीनं अशी बांधतात की मेलेल्या म्हशीसारखी दिसते. तिकडं उतरवून घेतली तेव्हा आरसा एक गेलेला आणि टाकी कोरडी. पंप दीड किलोमीटर, चढ. १९० किलोच्या वर वजन आहे तिचं. ढकलताना पटलं की प्रेम आंधळं असतं.

नाद_खुळा_११

बीएच?? एमएच ११ सोडून बीएच लावणार? आरं गावात तोंड कसं दाखवणार, पाहुणं विचारतील ही कुठल्या देशाची गाडी. ११ च घे भावा, आणि आकडा असा घे की

आप्पा_लोणंदकर

गाडी जर साताऱ्यातच राहणार आहे, भाऊ चालवणार आहे, तर बीएच कशाला? टॅक्स एकदाच भरून मोकळं. आपल्याकडं २९९ सीसीच्या वर १२ टक्के आहे. माझ्या मेव्हण्याच्या गाडीला कॅन्टीनच्या बिलावर लावला होता टॅक्स, त्यामुळं तिथं पण थोडे वाचले.

झेलमवाला

@आप्पा मला मात्र शोरूमच्या किमतीवर लावला होता, दुसऱ्या राज्यात घेतली म्हणून असेल. भरायच्या आधी कॅन्टीनच्या बिलावर आकडा काढून मागावा.

कोरेगावचा_फौजी

सगळ्यांचं वाचतोय. आज परत शोरूमला गेलो होतो, धाकट्यासह. आता म्हणतायत पाडव्याची स्कीम आहे, ५,००० ची ॲक्सेसरी आणि फायनान्स फक्त ९ टक्के. आमच्याकडं ५०,००० रोख आहेत, बाकीचं कर्ज काढावं लागणार, म्हणजे दीड लाखाच्या आसपास धरून चाललोय आरटीओ विम्यासकट. ९ टक्के म्हणजे चांगलाच आहे ना? बँकेत गेलो तर पगार खात्यावर १० टक्के म्हणाले. मग कॅन्टीनचे १३ हजार वाचतात पण व्याज एक टक्का जास्त जातं, असं झालं. डोकं चालेना.

हिशेबी

थांब. सही करू नकोस. ते ९ टक्के 'फ्लॅट' आहेत का विचार. शोरूममधलं फक्त ९ हे बहुतेक वेळा फ्लॅटच असतं.

फ्लॅट म्हणजे काय, तू हप्ते भरत चाललास तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण दीड लाखावर. १,५०,००० वर ९ टक्के तीन वर्षं म्हणजे सरळ ४०,५०० व्याज, हप्ता ५,२९२ च्या आसपास. बँकेचे १० टक्के हे उरलेल्या रकमेवर असतात, हप्ता ४,८४० च्या आसपास आणि तीन वर्षांचं व्याज २४,२०० च्या आसपास. म्हणजे तो 'स्वस्त' ९ टक्केवाला खरा साधारण १६ टक्क्यांचा आहे आणि तुझे १६,००० जास्त घेतो.

आता गंमत बघ. कॅन्टीन की शोरूम यावर आपण दोन दिवस भांडतोय तो फरक साडेतेरा हजारांचा. आणि कर्ज कुठलं यातला फरक सोळा हजारांचा. खरा दरोडा त्या टेबलवर आहे जिथं चहा देतात.

शोरूमातला

हिशेबी भाऊ आमच्या पोटावर पाय देऊ नका हो. पण खरं बोललात.

सुभेदार_निवृत्त

बँकेच्या आधी फंडाकडं बघ. एएफपीपी फंडात, म्हणजे फौजेच्या पीएफमध्ये, तुझे स्वतःचे पैसे पडलेत, त्यातून काढता येतात का ते युनिटच्या क्लार्कला फोन करून विचार. सगळे नको काढू, बहिणीचं लग्न वगैरे असेल तर त्याला हात लावू नको. पण दीड लाखाचं कर्ज लाखावर आलं तरी हप्ता हलका होतो. फौजी पोरं फंड विसरून दुनियाभर व्याजानं पैसे घेतात, हे मी आयुष्यभर बघत आलो.

सौ_फौजी

आणि कर्ज काढून कॅन्टीनची गाडी घेताना बँकेनं पैसे नेमक्या कुणाच्या नावानं, किती पाठवले ते स्वतः उभं राहून बघा. आमच्या ओळखीतल्या एकांच्या बँकेनं सवयीनं शोरूमच्या नावावर पाठवले. ते परत येऊन सीएसडीकडं जाईपर्यंत त्यांची सुट्टी संपली आणि गाडी सासऱ्यांनी आणली, पगडी घालून.

कोरेगावचा_फौजी

फ्लॅटच होतं ते. विचारल्यावर सेल्समन म्हणाला 'साहेब सगळ्यांचंच असतं'. उठून आलो. धाकटा दोन तास बोलला नाही माझ्याशी.

पॅनची दुरुस्ती टाकली ऑनलाइन. फंडाचं क्लार्क साहेबांना विचारलं, होतंय म्हणाले थोडं. बाकीचं बँकेकडून. कॅन्टीनचंच ठरवलंय. पाडवा जातोय हातातनं पण जाऊ दे, आबा म्हणाले गुढी काय बुलेटला बांधायची नाही.

पेठकर

आबांना सदस्य करून घ्या इथं.

*(तीन आठवड्यांनंतर)*

कोरेगावचा_फौजी

मंडळी, झेलम एक्सप्रेसमधून लिहितोय, मनमाड गेलं. मागच्या पानावरच्या सगळ्यांचे आभार.

हिशेब सांगतो. पॅन दुरुस्तीला ६ दिवस, मंजुरी आणि पैसे जायला ९, सप्लाय ऑर्डर आल्यावर शोरूमनं ४ दिवस घेतले. मॅनेजरला भेटलो सकाळी साडेनऊला, खिशात कराडच्या शोरूमचा कागद होता, डोकावत ठेवला होता. रंग पाहिजे तो मिळाला. विमा बाहेरून घेतला, हँडलिंगचे मागितले, पावती द्या म्हणलं तर विषयच बदलला त्यांनी. आरटीओचे ओटीपी सगळे मी इथं असतानाच झाले, मोबाईल नंबर आईचा दिलाय आता. आईला ओटीपी कुणाला सांगायचा नाही एवढं शिकवलंय, तर परवा मलाच सांगेना.

गाडी घरी आली ती मी निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी. मीटरवर ३४ किलोमीटर. आईनं चाकाखाली लिंबू ठेवले, आबांनी हळद-कुंकू लावलं आणि मग म्हणाले बस मागं, मी चालवतो. आबांनी शेवटची गाडी चालवली ती राजदूत. वेशीपर्यंत गेलो आणि आलो, गिअर शोधताना पाय दोनदा चुकला त्यांचा, पण पाडली नाही. मी सकाळी एकट्यानं रहिमतपूर पर्यंत जाऊन आलो, एवढीच माझी बुलेट झाली या सुट्टीत. आता पुढची सुट्टी ऑक्टोबरात.

धाकट्याचं लर्निंग निघालं. पक्कं होईपर्यंत चावी आबांकडं, आबांनी ती जानव्याला बांधलीय असं तो सांगतोय पण आम्ही जानवं घालत नाही त्यामुळं कुठं बांधलीय देव जाणे.

विमावाली_ताई

धाकट्याचा अपघात विमा?

कोरेगावचा_फौजी

घेतला ताई. आईनं पहिला तोच घ्यायला लावला, तुमची पोस्ट वाचून दाखवली होती तिला.

नाद_खुळा_११

नंबर सांग की लका, आकडा काय आला?

कोरेगावचा_फौजी

एमएच ११ आहे एवढंच सांगतो, बाकीचं आल्यावर. रेंज जायला लागली

आप्पा_लोणंदकर

सुखरूप पोच बाबा.

लाट्याची_मावशी

नमस्कार, नवीन सदस्य आहे. सगळा धागा वाचला. माझे भाऊ हवालदार आहेत. फ्रीजचं पण असंच असतं का, म्हणजे शोरूमला जाऊन आधी कागद आणायचा? डबल डोअर पाहिजे आणि लग्न १४ दिवसांवर आहे.

झेलमवाला

ताई, पॅन आणि सर्व्हिस रेकॉर्डवरचं नाव जुळतंय का ते आज रात्रीच बघा.